बाईची गाडी, लंगड्याची गाडी

मागच्या महिन्यात बीडमध्ये एका निकाहाला गेले होते. मंगल कार्यालयाच्या फाटकातच नवी कोरी पांढरी गाडी उभी. बॉनेटवर लाल रिबिनीचं मोठं फूल, काचेवर नवरदेवाचं नाव, सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष तिच्यावरून हात फिरवत होता. मी माझी गाडी भिंतीच्या कडेला लावली. २०१५ची सेलेरिओ, ऑटोमॅटिक, डाव्या बाजूच्या बंपरला ओरखडा. उतरले, बुरखा सारखा केला, तेवढ्यात नात्यातले एक बुजुर्ग समोर आले. आम्ही सगळे त्यांना मामू म्हणतो.

“क्या बेटा, अभी तक वोइच चला रे क्या? औरतां की, लंगड्यां की गाडी है वो.”

आजूबाजूचे चार जण हसले. मीही हसले, कारण लग्नाघरी तोंड वाजवायचं नाही असं अम्मीने शिकवलंय. शिवाय बिर्याणी गरम होती. पण गोष्ट मनातून गेली नाही. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे एखादं वाक्य मनात अडकलं की त्याचं व्याकरण तपासायची खोड आहे. मामूंच्या त्या एका वाक्यात आपल्या समाजाची बरीचशी कुंडली आहे. आज ती मांडते. ज्यांना राग यायचाय त्यांनी जरूर यावा.

आधी त्या पांढऱ्या गाडीबद्दल. ती मुलीच्या बापाने दिली. तो एका कार्यालयात शिपाई होता, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. फंडातले पैसे घातले, उरलेले कर्ज काढून भरले. गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा आहे आणि तो पाच वर्षं राहणार. हप्ते सासरे भरणार, चालवणार जावई. ज्या मुलीच्या नावाने हा सगळा खटाटोप झाला तिला गाडी चालवता येत नाही आणि तिला कुणी शिकवणारही नाही. जहेज म्हणा, जोडे की रकम म्हणा, ‘बाप ने खुशी से दिया’ म्हणा. १९६१च्या कायद्याप्रमाणे हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. आणि शरीयतमध्ये देणं नवऱ्याने द्यायचं असतं, मेहरच्या रूपाने. मुलीच्या बापावर निकाहाचा असा कुठला खर्च फर्ज केलेला आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

त्या मंडपात मौलाना होते, हाजी होते, जमातवाले होते. एकानेही विचारलं नाही की या गाडीत ब्याजाचे पैसे आहेत का. उलट दुआ झाली, आमीन झालं.

आता माझं ऐका. मी गाडी आणली त्या संध्याकाळी मोहल्ल्यातून पहिला प्रश्न आला तो हाच: “बाजी, लोन उठाए क्या? ब्याज हराम है.” मला हराम-हलालची आठवण करून द्यायला चार माणसं आली. त्यातले दोघे त्या पांढऱ्या गाडीच्या दुआला पहिल्या रांगेत होते.

मी लोन काढलं नव्हतं. हिशेबच सांगते, शिक्षकाला हिशेब लपवायची सवय नसते. गाडीची किंमत २ लाख ९० हजार. आमच्या वीस बायकांच्या भिशीत दरमहा ५ हजार, त्यात माझी दोन नावं, दोन्ही चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा २ लाख. ही बोली लावून घेण्याची भिशी नव्हे, चिठ्ठीची. जेवढं भरलं तेवढंच मिळतं. ७९ हजार साठवलेले. आणि ११ हजार माझा मेहर. लग्नाला १९ वर्षं झाली तरी तो दिलेला नव्हता. आपल्याकडे मेहर निकाहनाम्यात लिहिण्यासाठीच असतो, आणि नवरा आजारी पडला की बायकोकडून माफ करून घेण्यासाठी. मी एका रविवारी दुपारी मागितला. आमचे साहेब आधी हसले, मग मी हसत नाहीये हे पाहून बुधवारी आणून दिला. गाडीच्या पैशांत सगळ्यात छोटी रक्कम तीच, पण मोजताना मला ती सगळ्यात मोठी वाटली.

बाईने कमावलेलं बाईचं, हे सूरह निसामध्ये सांगून ठेवलेलं आहे. मंडपातल्या कुणालाही ते ठाऊक नाही असं नाही.

गाडी का घेतली? एसटीमुळे. माझी शाळा नेकनूरच्या पुढे एका गावात आहे. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला तो २०२२च्या एप्रिलपर्यंत चालला. त्या सहा महिन्यांत मी काळीपिवळीतून गेले. नऊ माणसांच्या जीपमध्ये चौदा. माझी जागा बहुतेक वेळा मागच्या आडव्या बाकाच्या टोकाला, डावा पाय स्टेपनीवर दुमडलेला. मांजरसुंब्याच्या घाटात प्रत्येक वळणाला शेजारचा माणूस अंगावर येतो, आणि दर वेळी तो वळणामुळेच येतो असं नाही. ही गोष्ट माझ्यासोबत जाणारी प्रत्येक शिक्षिका जाणते. त्या सहा महिन्यांत ‘पराये मर्द के बगल में औरत कैसी बैठती’ असं म्हणायला मोहल्ल्यातून कुणी आलं नाही. स्वतःच्या गाडीत एकटी बसले तेव्हा मात्र पडद्याचा प्रश्न निघाला.

मार्चमध्ये मी एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथली गाडी जुनी आणि क्लच असा की चाकावर उभं राहून दाबावा लागे. दहा दिवसांत डावा गुडघा सुजला. शिकवणारा पोरगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. अकराव्या दिवशी म्हणाला, “मॅडम, तुमच्याच्यानं नाही व्हायचं. साहेबांना पाठवा.” गंमत अशी की साहेबांना सायकलसुद्धा नीट चालवता येत नाही, पण ते त्याने विचारलंच नाही.

तेव्हा मी ऑटोमॅटिकची चौकशी सुरू केली आणि मला कळलं की गाडीला जात असते. गिअरवाली ती मर्दाची. बिनगिअरची ती बाईची, म्हाताऱ्याची, लंगड्याची. बीडमधल्या एका गाड्यांच्या दलालाने तर तोंडावर सांगितलं, “ऑटोमॅटिक कौन लेता मॅडम, बेचने को गए तो कोई हाथ नै लगाता.” तरीच ती मला स्वस्तात मिळाली, तेव्हा त्याचे आभार. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापिकेची होती, ६२ हजार किलोमीटर चाललेली. पुण्याच्या आरटीओची एनओसी, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, विमा नावावर करून घेणं यात दीड महिना गेला. आरसीवर आता माझं नाव आहे आणि बोजाच्या रकान्यात काही नाही.

‘बिनगिअरची’ हा शब्दच मुळात खोटा आहे. या गाडीला पाच गिअर आहेत, क्लच आहे, साध्या गाडीत असते तशीच गिअरपेटी आहे. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम पायाऐवजी एक छोटं यंत्र करतं. २०१४च्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये सेलेरिओ आली ती हेच तंत्र घेऊन. त्याआधी ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांचं प्रकरण होतं. पेट्रोलही जास्त प्यायची. हिच्यात साध्या मॉडेलपेक्षा साधारण ४० हजार जास्त मोजले की काम होत होतं. म्हणून तर आज ती जुन्या बाजारात माझ्यासारखीच्या हाताला लागते. आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात विनागिअर आणि गिअरची अशी वेगळी वर्गवारी दुचाकीला आहे, मोटारीला नाही. माझ्या लायसन्सवर जे लिहिलंय तेच मामूंच्या लायसन्सवर लिहिलंय.

माझे अब्बा ट्रकवर ड्रायव्हर होते. बीड-हैदराबाद, तीस वर्षं. त्यांच्या तरुणपणीच्या ट्रकला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे: एकदा दाबून न्यूट्रल, सोडायचा, अंदाजाने रेस द्यायची, पुन्हा दाबून पुढचा गिअर. डबल क्लच. ज्याला तो आवाज न करता जमला तो उस्ताद, ज्याचा गिअर खरखरला तो क्लीनरच राहिला. नंतरच्या ट्रकांना एकदाच क्लच दाबून भागू लागलं. तेव्हा सगळे ड्रायव्हर बाईलवेडे झाले का? त्याही आधी गाडी सुरू करायला समोर हँडल मारावं लागायचं. उलटं फिरलं की मनगट मोडायचं. १९१२मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू गेलं. आज मामू किल्ली फिरवतात आणि गाडी सुरू होते, त्यात त्यांची मर्दानगी कमी झाल्याचं मला तरी दिसलं नाही. अमेरिकेत कारखान्यातून संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरपेटीची मोटार १९३९पासून विकली जातेय. आपल्या एसटीची शिवाई बस १ जून २०२२ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. विजेवरची बस, तिच्या ड्रायव्हरला क्लचच नाही. त्याला जाऊन कुणी म्हणावं की बाबा, तू बायकांची गाडी चालवतोस. बघू काय उत्तर मिळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे काम अवघड आहे तोवर ते पुरुषाचं, आणि सोपं झालं की त्याची किंमत शून्य, हा खेळ आहे. काम सोपं झाल्याने बाई आत येते म्हणून ते हलकं ठरवलं जातं. हे मी वर्गातही पाहिलंय. उर्दू माध्यमाच्या मुलींना मराठी जमणार नाही, त्यांना ते सोपं करून कशाला शिकवायचं, असं म्हणणारे मला बीएडपासून भेटत आले. शिकवलं, मुली अस्खलित बोलू लागल्या. मग तेच लोक म्हणाले, मराठी काय, कुणालाही येतं.

गाडीत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना या प्रकारच्या गाड्या मान डोलावल्यासारखा झटका देतात. ‘पी’ नावाची जागा हिच्यात नाही, त्यामुळे हँडब्रेक विसरून चालत नाही. चढावर थांबलं की ब्रेक सोडल्याबरोबर मागे घसरते. गाळपाच्या दिवसांत मांजरसुंब्याच्या घाटात समोर उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर आणि मागे चिकटलेला ट्रक असला की पहिले काही महिने माझे हात थरथरायचे. आता युक्ती जमली आहे: हँडब्रेक ओढायचा, गाडी ‘एम’वर घेऊन पहिला गिअर धरायचा, थोडी रेस, गाडी उठायला लागली की हँडब्रेक सोडायचा. उतरताना दुसऱ्या गिअरवर धरून ठेवायची, नाहीतर ब्रेक तापतात. म्हणजे डोकं लावावंच लागतं. पाय तेवढा मोकळा राहतो. गेल्या वर्षी क्लच बदलला, खर्च साध्या गाडीपेक्षा बराच जास्त आला आणि तीन दिवस पुन्हा काळीपिवळी करावी लागली. २०३०मध्ये नोंदणीची १५ वर्षं संपतील, तेव्हा फिटनेस आणि नूतनीकरणाचा खर्च आहेच. जुनी गाडी घेणाऱ्याने हे धरून चालावं. पण ‘दुसऱ्याचं उतरलेलं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक विचारते: सासऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या हप्त्यांपेक्षा ते जास्त लाजिरवाणं आहे का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत अब्बांना दवाखान्यात दाखवून आणायचं होतं, मी म्हटलं मीच नेते. वय ७६. डावा गुडघा पूर्ण गेलेला. डॉक्टर वयाचं सांगतात, ते स्वतः क्लचचं सांगतात. परतताना म्हणाले, घाटात घे, बघू. पालीच्या तलावापर्यंत काही बोलले नाहीत. चढ लागला तसं माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. ते डाव्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला डाव्या पायाने तळ दाबत होते आणि डावा हात मांडीवर गिअर टाकल्यासारखा हलत होता. गाडीने आपोआप गिअर बदलला की त्यांचा पाय उशिरा पडायचा आणि ते जीभ चावायचे. वर पोहोचल्यावर हॉटेलशी थांबून चहा घेतला. बराच वेळ बशीत बघत होते. मग म्हणाले, “ये पहले आती तो मेरा पाँव बचता.” थोड्या वेळाने आणखी एक वाक्य बोलले: “तेरे को सिखाना था मैं.” मी चहाचे पैसे द्यायला उठले, कारण तिथे बसून राहणं मला जमलं नसतं.

लंगड्यांची गाडी, असं मामू म्हणाले. हो, आहे. माझ्या मावसभावाचा डावा पाय पोलिओने गेलेला. शिलाईचं दुकान चालवतो, चाळिशी ओलांडली, आयुष्यभर कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागे बसून गेला. ईदगाहच्या मोकळ्या मैदानात मी त्याला स्टीअरिंगवर बसवलं. मैदानाला सात फेऱ्या मारल्या, आठवी मारताना हॉर्न वाजवायला लागला, विनाकारण. हा शब्द शिवी म्हणून वापरणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवं होतं. वापरायची म्हटलं तर त्यात शिवी कुठे आहे? ज्याला पाय नाही त्याला जी चालवता येते ती गाडी वाईट कशी?

राहिला दीनचा मुद्दा, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. हजरत खदीजा व्यापार करत होत्या, त्यांचे काफिले शामपर्यंत जात. हजरत आएशा ज्या लढाईत उंटावर होत्या तिचं नावच जमल, म्हणजे उंट. त्या लढाईबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, पण बाईने सवारी का केली हा त्यातला वाद नव्हता. भोपाळच्या शहजादी आबिदा सुलतान मोटार चालवत, आणि १९४२मध्ये त्यांनी विमान चालवायचा परवाना घेतला. तेही आपल्याच मुलखात. उलट ज्या सौदीचं नाव सांगून आम्हाला गप्प बसवलं जायचं तिथे २०११मध्ये मनाल अल-शरीफ यांनी गाडी चालवल्याचा व्हिडिओ टाकला म्हणून त्यांना कोठडीत टाकलं. २०१३मध्ये तिथल्या सालेह अल-लुहैदान नावाच्या शेखने गाडी चालवल्याने बायकांच्या अंडाशयावर परिणाम होतो असं सांगितलं. आणि २४ जून २०१८ला त्याच देशात बायकांना गाडी चालवायला परवानगी मिळाली. दीन तोच, कुराण तेच, अंडाशयंही तीच. एका दिवसात बदललं ते फक्त सरकारचं फर्मान. मग आधी जे सांगितलं जात होतं ते नेमकं काय होतं?

मी हे सगळं एका गाडीपायी बोलत नाहीये. आमच्या जिल्ह्याचं चित्र बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी शंभरात चाळिसाहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. उसतोडीची कारणं आहेत, दुष्काळाची आहेत, गरिबीची आहेत. पण माझ्या वर्गातून गेलेल्या मुलींच्या आयांना मी विचारते तेव्हा बहुतेक वेळा उत्तर एकाच वाक्यात असतं: शाळा लांब, जाणार कशी? आठवीपर्यंत गावात, पुढे नववीला सहा-सात किलोमीटर. तिला कोण सोडणार, कोण आणणार? बाप कामावर, भाऊ मोटरसायकल घेऊन पुण्याला. आईला चालवता येत नाही, कारण तिला शिकवलं नाही. मग पुढच्या उन्हाळ्यात पत्रिका. आणि त्या पत्रिकेच्या यादीत, ऐपत असली की, जावयासाठी मोटरसायकल असते. ज्या घरात मुलीसाठी सायकल परवडत नव्हती त्याच घरात जावयासाठी मोटरसायकल परवडते. हे गणित मला बीएडला कुणी शिकवलं नाही, मोहल्ल्यात शिकले.

सध्या माझ्यासोबत शाळेच्या रस्त्यावर दोन शिक्षिका आणि नववीतल्या दोन मुली येतात. मुली मागच्या सीटवर बसून आरशात माझे हात बघतात. एकीने मागच्या आठवड्यात विचारलं, “टीचर, ‘एम’ पर क्यूँ लिए?” तिला उतार आणि इंजिनाच्या ब्रेकबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी तीच मागून म्हणाली, “टीचर, अब ‘एम’.”

मामूंना माझा राग नाही. त्यांची नात यंदा अकरावीला आहे, तिने मला गुपचूप विचारून ठेवलंय. रविवारी फजरनंतर ईदगाहच्या मैदानात दोघी येतात, मागे अजून जागा आहे. लर्निंग लायसन्स हवं, तेव्हा अठरा पूर्ण झालेल्यांनीच यावं. नातीला दोन वर्षं थांबावं लागेल, तोवर ती मागे बसून बघू शकते. बुरखा चालतो, फक्त टोक पेडलमध्ये अडकणार नाही असं खोचून घ्या. चप्पल नको, बूट घाला. पेट्रोलचे पैसे सगळ्यांत वाटून.